हातमोज्याएवढी जागा

बर्फात चालणारं जहाज सिंगापुरात कशाला बांधतात, हा प्रश्न मला जो विचारतो त्याला वाटतं की तो जगात त्यालाच पहिल्यांदा सुचला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तर ठरलेलंच. एका हातात चकली, दुसऱ्या हाताने घाम पुसत कोणीतरी येणार आणि म्हणणार, "अहो वसुधाताई, इथे फ्रीजर सोडला तर बर्फ दिसत नाही, आणि तुम्ही बर्फातलं जहाज करताय?" मी म्हणते, पोळपाट करणारा सुतार काय रोज पुरणपोळ्या लाटतो का हो? माणूस हसतो आणि दुसरी चकली घ्यायला जातो.

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. सुताराने एकदा तरी त्या पोळपाटावर लाटून पाहावं, हे मला २०१६ साली कळलं, आणि तेही माझ्याच घरात, रविवारच्या चहाला.

मी नेव्हल आर्किटेक्ट. म्हणजे जहाजाचं अंग, हाडं, फासळ्या काढणारी. सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका शिपयार्डच्या डिझाइन ऑफिसात तेव्हा मला बरीच वर्षं झाली होती, आणि ते जहाज माझं लाडकं होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन तळांवर धान्य, इंधन आणि माणसं पोचवायचं काम त्याचं. एरवी आम्ही तेलविहिरींसाठी तरंगती खोकी बांधायचो, नाक ना डोळा. याला मात्र रूप होतं. पुढचा भाग असा उतरता, की जहाज बर्फाला नुसती धडक देत नाही, त्याच्यावर चढून बसतं आणि स्वतःच्या वजनाने तो मोडतं. पाण्याच्या रेषेवर सगळीकडून जाड पोलादाचा कंबरपट्टा. पोलादही साधं चालत नाही, ते कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तडकतं. थंडीतही चिवट राहणारं वेगळं पोलाद लागतं. आणि त्या पट्ट्याच्या आतून फासळ्या. नेहमीच्या जहाजात दोन फासळ्यांमध्ये जी मोकळी जागा असते, तिच्या बरोबर मधोमध मी एकेक जास्तीची फासळी घातली होती, म्हणजे बर्फाने बाहेरून कितीही दाबलं तरी अंग चेपायला नको. ती फासळ्यांची गर्दी माझी. नुसती स्क्रीनवर पाहिली तरी मला मूठभर मांस चढायचं.

माझा धाकटा भाऊ अभय बोटीवर सेकंड इंजिनियर. त्या काळात तेलाचा भाव पडला आणि शिपिंगचा बाजारच बसला. इथे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेलं की समुद्रात रिकामी जहाजं नांगर टाकून उभी दिसायची. अभय वर्षाहून जास्त पुण्यात घरी बसून होता. घरी बसलेला दर्यावर्दी म्हणजे काय ताप असतो ते त्याची बायको निहारिकाच जाणे. त्याने घरातले सगळे नळ उघडून परत बसवले होते, गळत नव्हते तेसुद्धा. मग या जहाजाच्या मालकांनी इंजिनियर घ्यायला सुरुवात केली आणि त्याची निवड झाली. मी कोणाकडे शब्द टाकला नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे आमच्या नात्यावरून बोलणं झालं. जहाज ताब्यात घेण्याआधी सगळं समजून घ्यायला तो सिंगापूरला आला, आणि हॉटेल सोडून चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गार्गीच्या खोलीत गादी टाकून राहिला. गार्गी माझी लेक, तेव्हा प्रायमरीत होती. मामा म्हणजे तिचा जीव की प्राण.

त्या रविवारी तो कंपनीने दिलेल्या गरम कपड्यांचा गठ्ठा घेऊन आला. बाहेर असं ऊन, की खाली व्हॉइड डेकवरची, म्हणजे इमारतीच्या तळच्या मोकळ्या जागेतली मांजरंसुद्धा फरशीला पोट लावून पडलेली. आणि हा बाबा हॉलमध्ये जाडा कोट, कानटोपी आणि भलेमोठे हातमोजे घालून नाचतोय! गार्गी खिदळत होती. माझा नवरा प्रकाश रविवारीसुद्धा लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवत नाही, पण त्यानेही मान वर केली.

"ताई, चहा दे. तिकडे चहासुद्धा मोजे घालूनच प्यावा लागतो म्हणे. सवय करतो."

मी कप पुढे केला. त्याने कपाच्या कानात बोट घालायला पाहिलं. बोट जाईना. करंगळी घालून पाहिली, तीही जाईना.

"मामा, कॅन्नॉट ला! युअर फिंगर टू फॅट!" गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली आणि सोफ्यावर लोळायला लागली.

शेवटी त्याने दोन्ही पंजांत कप धरला, माकडाने नारळ धरावा तसा, आणि जोरात भुरका मारला. मीही हसत होते. हसता हसता माझी नजर परत त्या कपाच्या कानावर गेली आणि तिथेच अडकली. मला जहाजाच्या तळातलं एक चाक आठवलं होतं.

"अभय, ते मोजे काढ."

"का गं, चिडलीस?"

"काढ म्हणते ना. उद्या मला हवेत."

आता ते चाक कसलं, ते सांगते. जहाजाचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते आत घ्यायला जहाजाच्या कुशीत, पाण्याखाली, एक पोलादी पेटी असते. नेहमीच्या समुद्रात काही प्रश्न येत नाही. बर्फाळ समुद्रात मात्र पाण्याबरोबर बर्फाचा लगदा आत येतो आणि पेटी तुंबते. पाणी बंद झालं की इंजिन तापतं, आणि तापलं की बंद पडतं. बर्फात बंद पडलेलं जहाज म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. म्हणून अशी सोय असते, की इंजिनातून फिरून गरम झालेलं पाणी परत त्या पेटीत सोडायचं, म्हणजे लगदा वितळतो. ते पाणी सोडणारा व्हॉल्व एरवी वरच्या कंट्रोल रूममधून बटणाने उघडतो. पण इंजिनं बंद पडून वीज गेली, की बटणही गेलं. मग आणीबाणीचा एक छोटा पंप तेवढा चालू राहतो, आणि एका माणसाने खाली उतरून, इंजिनात ऊब आहे तोवर, तो व्हॉल्व हाताने चाक फिरवून उघडायचा असतो. तो माणूस म्हणजे सेकंड इंजिनियर. आणि ते चाक होतं जहाजाच्या अंगाला अगदी चिकटून, माझ्या दोन फासळ्यांच्या मध्ये, जिथे बाहेरच्या बर्फाने पोलाद गारठतं आणि वरून गार पाणी ठिबकतं.

सोमवारी सकाळी मी मोजे पिशवीत घालून जहाजावर गेले. धक्क्याला उभं होतं, लाल रंग लावून, नवरीसारखं. शिड्या उतरत तळाशी गेले आणि त्या कोपऱ्यात गुडघे टेकले. उघड्या हाताने चाक छान फिरलं. मग मोजा घातला. पंजा चाकाच्या कडेवर कसाबसा बसला, जेमतेम पाव फेरा झाला आणि बोटांची पेरं फासळीवर आपटली. दुसऱ्या बाजूने धरलं, तिकडेही फासळी. नेहमीच्या जहाजात तिथे जी नसतीच, ती माझी लाडकी जास्तीची फासळी.

हे सुटलं कसं? तर कॉम्प्युटरवरचं मॉडेल एवढंच तपासतं, की एक वस्तू दुसरीत घुसत नाही ना. चाक फासळीला लागत नव्हतं. सगळं हिरवंगार. कंत्राटात 'जाड हातमोजे घालून चालवता आलं पाहिजे' असं स्वच्छ लिहिलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण मॉडेलमध्ये हात कोणी घातलाच नव्हता! आमच्या ऑफिसात चेन्नईचे, मनिलाचे, जोहोरचे, पुण्याचे इंजिनियर. हातमोजा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर येतो वेल्डरचा, नाहीतर ओव्हनमधून नानकटाई काढायचा. नॉर्वेच्या पोराने ही चूक केली नसती, त्याची आई त्याला मोजे घालूनच शाळेत पाठवते.

घामाने डोळे चुरचुरत होते आणि मला स्वतःचाच असा संताप आला, की मी त्या फासळीला एक सणसणीत चापट मारली. हात झिणझिणला. फासळीला काय होणार, मीच मजबूत केलेली.

उपाय तसा अवघड नव्हता. फासळी कापायची नाही, ती कापली तर जहाजाचं बळ जातं. चाक तिथून काढायचं, त्या जागी लांब दांडा जोडायचा आणि चाक वर मोकळ्या जागेत आणायचं, जिथे माणूस दोन पाय रोवून उभा राहू शकेल. अशी दांड्यांवरची चाकं किती तरी जहाजांवर असतात. दुपारपर्यंत मी ड्रॉइंग काढलं आणि हेमचंद्र सरांच्या केबिनमध्ये गेले.

हेमचंद्र दाभोळे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, मूळचे दादरचे. मला या यार्डात त्यांनीच आणलं. माणूस वाईट नाही. त्या दिवसांत मात्र त्यांची झोप उडाली होती. जिकडेतिकडे माणसं कमी करत होते, आमच्या कॅन्टीनमध्येही दुपारी रिकामी टेबलं दिसायला लागली होती. इथे नोकरी गेली की राहण्याचा पास गेला, आणि पास गेला की बिऱ्हाड उचलायचं.

त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "वसुधा, सर्व्हेअरने हे पास केलंय. ट्रायलसुद्धा झाली."

"ट्रायल सिंगापूरच्या समुद्रात झाली, सर. तिथे माझी गार्गी पोहते."

"बटणावर चालतो ना व्हॉल्व?"

"बटण मेल्यावरच चाक लागतं."

"हे बघ, हँडओव्हर तोंडावर आलाय. आता नवीन काम काढलं तर मंजुरी, टेस्ट, सगळं पहिल्यापासून. बाजार पडलाय, मालक जहाज नाकारायला निमित्त शोधतायत. आपणच त्यांच्या हातात कोलीत द्यायचं का? मग तुझी, माझी आणि या मजल्यावरच्या सगळ्यांची सुट्टी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि एक विचारू? अभय त्या जहाजावर जाणार नसता, तर तू हे काढलं असतंस?"

एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. शब्द जिभेवर तयारच असतो. त्या दिवशी मात्र मी टेबलावरचं ड्रॉइंग सरळ करत बसले. कारण अभय जाणार नसता तर ते मोजे माझ्या घरात आलेच नसते, आणि मी वर्षानुवर्षं पोळपाटाची कोटी सांगत चकल्या खात राहिले असते.

"तू बहीण आहेस त्याची," सर म्हणाले, जरा मऊ होऊन. "तू ओरडलीस तर सगळे म्हणतील, भावासाठी चाललंय. मालकांकडून तक्रार आली तर करू आपण. तोवर हे राहू दे माझ्याकडे."

"ठीक आहे," मी म्हणाले. आमची आई म्हणायची, वसू भांडतेय तोवर बरं असतं, 'ठीक आहे' म्हणाली की सांभाळा.

मालकांकडून तक्रार म्हणजे कोणाकडून? मालकांच्या वतीने इंजिनरूम ताब्यात घेणारा इसम तर माझ्याच घरी, गार्गीच्या खोलीत गादीवर पडून तिचं कॉमिक वाचत होता. त्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो ताडकन उठून बसेल. कसलं काय!

"ताई, तुला वेड लागलंय का? किती दिवस घरी बसून होतो मी. निहारिकाचे वडील फोनवर मला विचारायचे, 'मग, सध्या काय?' त्या 'सध्या काय'ने मी अर्धा झालो. आता पहिल्याच हँडओव्हरला बोंब मारली आणि जहाज अडकलं, तर मला बोट कोण देणार?"

"चाकावर मोज्याचा हात बसत नाही, अभय."

"मग मोजे काढून फिरवीन! एवढं काय त्यात?"

"बर्फाच्या पाण्यात?"

"अगं, आइस्क्रीमच्या पॉटमध्ये हात कोण घालायचं? मी का तू?"

हे त्याचं हुकमी पान. मे महिन्यात आम्ही कोथरूडच्या गच्चीवर आइस्क्रीमचा पॉट लावायचो. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला सगळ्या भावंडांच्या पाळ्या. मीठ घातलेला बर्फ नुसत्या बर्फापेक्षा गार होतो. तो हाताने दाबून भरायचा असायचा आणि त्यावर पैज लागायची. मी थोड्याच वेळात हात झटकत ओरडायचे. अभय दर वेळी जिंकायचा आणि पहिली वाटी त्याला मिळायची.

"ठीक आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून त्याच मापाचा, चाकासकट जादाचा व्हॉल्व रीतसर गेटपास करून मागून घेतला. टॅक्सीच्या डिकीत तो चढवताना ड्रायव्हर अंकलना ते स्वयंपाकाचं भांडंच वाटलं. "वा, आंटी, धिस वन कुक व्हॉट?" मार्केटमधल्या मासेवाल्याकडून पिशव्या भरभरून बर्फ आणला, दुकानातून खडेमीठ. बाथरूममधली सगळ्यात मोठी बादली घेतली, आणि अभय घरी येईपर्यंत व्हॉल्व त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवला.

त्याने दारातूनच पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "पॉट लावलास? फ्लेवर कोणता?"

"तू फिरव, मग सांगते. पूर्ण बंद आहे, पूर्ण उघडायचा. मोज्यांशिवाय."

त्याने बाह्या सरसावल्या, व्हॉल्व बाहेर काढून फरशीवर दोन पायांत धरला आणि फिरवायला लागला. मी बादलीतलं पाणी मगात घेऊन त्याच्या हातांवर धार धरली.

"ए, हे काय?"

"तिथे वरून गळणार नाही वाटतं?"

"सूड उगवतेयस तू. लहानपणीच्या पैजांचा."

"हो. फिरव."

पहिले फेरे झपाझप झाले. त्या चाकाला पुष्कळ फेरे लागतात. हळूहळू त्याचे विनोद थांबले, मग बोलणंच थांबलं. बोटं लाल झाली, मग पांढरी पडायला लागली. तो थांबेना. आमच्या घरात 'हरलो' म्हणायची रीतच नाही, आणि त्या क्षणी मला त्या रीतीचा राग आला. तरी मी धार सोडली नाही. अर्ध्यावर आल्यावर त्याची पकड सुटली. त्याने परत धरलं, परत सुटली. बोटं मिटतच नव्हती. ती दुसऱ्या कोणाची असावीत तसा तो त्यांच्याकडे बघत बसला.

गार्गी दारात उभी होती. या वेळी ती हसली नाही. "मामा, एनफ ला," ती हळूच म्हणाली.

मी पाण्याचा मग खाली ठेवला, त्याला टॉवेल दिला आणि चहा आणला. त्याने कप घेतला. बोट कपाच्या कानात गेलं, पण कप काही त्याच्या हातात राहिला नाही. फरशीवर पडून फुटला, चहा सगळीकडे.

मी तुकडे वेचायला लागले. मग अभय खाली बघतच म्हणाला, "ताई, तुला एक सांगायचंय. पॉटात बर्फ दाबताना मी मधेमधे पाणी प्यायला आत जायचो, आठवतंय?"

"हो. मग?"

"बंबातलं गरम पाणी घेऊन त्यात हात बुडवून यायचो."

"लबाडा! सगळ्या पैजा?"

"सगळ्या." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "आणि तिथे गरम पाणी त्या चाकाच्या पलीकडे असणार आहे."

मग मात्र माझा बांध फुटला. "मला तू जायला हवायस रे. ते जहाजही जायला हवंय, मी जीव ओतलाय त्याच्यात. पण तू परत यायला हवास, सगळ्या बोटांनिशी. माझ्या फासळीपायी तुला काही झालं तर मी निहारिकाला तोंड कसं दाखवू?" मी त्याचे गारठलेले हात माझ्या हातांत घेऊन चोळत राहिले. काय करणार आहे, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आपण बादली लावू शकतो, निर्णय ज्याचा त्यालाच घ्यायचा असतो, एवढी अक्कल मला त्या दिवशी होती. एरवी नसते.

इंजिनरूम ताब्यात घ्यायचा दिवस आला. मालकांचा सुपरिंटेंडेंट, फिनलंडचा उंच, कमी बोलणारा म्हातारा, पुढे. त्याच्या बरोबर हेमचंद्र सर, मागे अभय आणि सगळ्यात शेवटी मी. खाली वाफाळलेली हवा. एकेक यंत्र पाहायचं, चालवायचं, आणि अभयने 'अ‍ॅक्सेप्टेड' म्हणायचं. पंप अ‍ॅक्सेप्टेड. जनरेटर अ‍ॅक्सेप्टेड. असं करत आम्ही त्या कोपऱ्यात पोचलो.

"हा रिमोटवर चालतो, टेस्ट झालीय," सर घाईने म्हणाले आणि पुढे निघालेसुद्धा. म्हाताऱ्याने मान डोलावली.

अभय तिथेच थांबला. मी दातावर दात दाबून उभी. बोलले तर बहीण बोलली म्हणणार. आणि याच्या डोळ्यांसमोर आता निहारिका असेल, सासऱ्यांचा फोन असेल, ते 'सध्या काय' असेल. म्हण बाबा, काय म्हणायचं ते म्हण. मी डोळे मिटून घेतले.

कापडाचा आवाज आला म्हणून उघडले. अभयने बॉयलर सूटच्या खिशातून ते भलेमोठे मोजे बाहेर काढले होते. त्या उकाड्यात, सगळ्यांसमोर, त्याने ते एकेक करून नीट चढवले, गुडघे टेकले आणि चाकाला हात घातला. ठक्. पेरं फासळीवर. दुसऱ्या बाजूने. ठक्.

"नॉट अ‍ॅक्सेप्टेड," तो म्हणाला. आवाज जरासा चिरका निघाला, पण शब्द स्पष्ट होते.

हेमचंद्र सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मराठीतच म्हणाले, "अहो, वेळ आली तर मोजे काढता येतील की."

"काढून पाहिले, सर," अभय म्हणाला, आणि म्हाताऱ्याला कळावं म्हणून तेच इंग्रजीत म्हणाला. "बहिणीच्या घरी, बर्फाच्या पाण्यात. निम्म्यावर माझी बोटं गेली. मी हा व्हॉल्व या अवस्थेत ताब्यात घेणार नाही."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. अभयने मोजा काढून दिला. म्हाताऱ्याने तो चढवला, खाली वाकला आणि स्वतः चाक धरलं. ठक्. तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ होऊन त्याने सरांना विचारलं, "दुरुस्ती काय करणार? काही तयार आहे?"

आता सर काय म्हणतात! 'बघून सांगतो' म्हणाले असते, तर सगळं परत आठवड्यांवर गेलं असतं आणि तिथेच जहाज हातचं गेलं असतं. त्यांनी घाम पुसला. "ड्रॉइंग तयार आहे," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर आहे. वसुधाने केव्हाच दिलंय. मीच थांबवून ठेवलं होतं."

माणूस वाईट नाही, असं मी मघाशी म्हटलं ते यासाठी.

हँडओव्हर पुढे ढकलला गेला. म्हातारा रोज येऊन त्या कोपऱ्यात उभा राहायचा, पण जहाज त्याने नाकारलं नाही. दांडा बसला, चाक वर आलं, परत टेस्ट झाली, आणि या वेळी टेस्ट करताना माणसाच्या हातात मोजे होते. सर माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलले. अभय निघाला तेव्हा मी त्याच्या सामानात एक कप कोंबला. जाडजूड, ओबडधोबड, पण कान एवढा मोठा, की त्यात पोळी गुंडाळून घातली तरी जाईल. "हे काय ध्यान!" तो म्हणाला, आणि कपड्यांत गुंडाळून घेऊन गेला.

जानेवारीत एकदा शनिवारी दुपारी मी आणि गार्गी हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो. फोन वाजला. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनचा नंबर. बोलणं तुटक येत होतं.

"ताई, जेवलीस?"

"जेवतेय. काय रे, सगळं ठीक ना?"

"ठीक." मग नुसती खरखर. "काल चाक लागलं."

माझा घास हातातच राहिला.

"पेटी तुंबली. इंजिनं बंद पडली, दिवे गेले, बटण गेलं. दोन्ही बाजूंनी बर्फ सरकत होता, त्याचा करकर आवाज आतपर्यंत येत होता. मी चहा टाकून खाली धावलो."

"मग? मग, अभय?"

"मग काय. मोजे घातले, दोन पाय रोवले आणि उघडलं पूर्ण. पाणी आत गेलेलं ऐकू आलं. थोड्या वेळाने एक इंजिन उठलं, मग दुसरं. तुझ्या फासळ्या पण टिकल्या गं, एक वाकली नाही."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि चहा?"

"गार झाला होता. तोच प्यायलो. हात इतके थरथरत होते ना ताई, मोठ्या कानाचा होता म्हणून धरता आला."

फोन तुटला. मी त्या भर गर्दीत, ट्रे वाजत होते, स्टॉलवाले ऑर्डरी ओरडत होते, तिथे ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी टिश्यूचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. गार्गी घाबरली. "आई, व्हाय? मामा ओके?"

"ओके गं. मामा अगदी ओके."

तिने तिचं बर्फ घातलेलं सरबत माझ्याकडे सरकवलं. "ड्रिंक ला, आई." मी तो ग्लास दोन्ही हातांत धरला, आणि बोटं गार पडून दुखायला लागेपर्यंत तसाच धरून बसले.